मापानं लावलेल्या गोळ्या

"आधीपासून कुठलं औषध चालू आहे का त्यांना? सांधेदुखीचं वगैरे?" औषधांच्या दुकानातल्या बाईंनी पट्टी हातातच धरून विचारलं होतं. "ही गोळी सगळ्यांशी जुळवून घेणारी नाही. नावं माहीत असतील तर सांगा. नसतील तर घरी जाऊन बघून या, मी बाजूला काढून ठेवते."

"डॉक्टरांना सगळं सांगितलंय," ती म्हणाली होती.

"नावं सांगितलीत की नुसतं 'गोळी घेतात' असं सांगितलंत?"

"नावंच."

खोटं. शुद्ध, धुतल्या तांदळासारखं खोटं. पण त्या घटकेला ते तिला खोटं वाटलंच नव्हतं, सुटका वाटली होती. कडेवर चौदा महिन्यांची पोर. पोरीनं एका हातानं आईचं कानातलं पकडलेलं आणि दुसऱ्या हातानं काउंटरवरची खोकल्याच्या गोळ्यांची बरणी स्वतःकडे ओढायचा उद्योग चाललेला. मागे रांगेत एक गृहस्थ सारखा घसा खाकरत होते, आणि तो घसा कफानं नव्हे, तिच्यामुळे दाटला होता हे सगळ्या दुकानाला कळत होतं. वर घरी बाबा एकटे, दोन बरगड्यांना तडा गेलेला, खुर्चीत अर्धवट टेकून बसलेले.

दुसरं कोणी असतं तर गोष्ट वेगळी. पण हिनं असं करावं? ही बाई काडेपेटी घेतानासुद्धा तारीख बघणारी. पोरीच्या बाटल्या तीनदा उकळणारी, पोर गाढ झोपली तर श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरणारी. आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी नवरा चहा पिता पिता म्हणाला होता, "तू काळजीचा कारखाना काढलायस. तीन पाळ्यांत चालतो, सुट्टी नाही." तो हसत म्हणाला होता, पण तिला ते लागलं. आज कोणाला एक शंका विचारायची नाही, चार माणसांसारखं वागायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आयुष्यभर जिनं ताकही फुंकून प्यायलं, तिनं दूध पिताना नेमकं फुंकलं नाही.

आता बाबांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं काहीच समजायचं नाही.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून एका हातभर रुंदीच्या टेबलावर वाकलेले. टेबलावर अॅल्युमिनियमच्या गोल चपट्या डब्या, वर काचेची झाकणं. एकीत तांदळाच्या कणीएवढे स्क्रू, दुसरीत त्याहून बारीक, तिसरीत काटे, चौथीत केसासारख्या स्प्रिंगा. एकाही डबीवर कधी चिठ्ठी चिकटवलेली नाही. "भाग बसतो तो मापानं बसतो, नावानं नाही," हे त्यांचं वेदवाक्य. आणि दुसरं, त्याहून कडक: टेबलाजवळ कागद आणायचा नाही. कागदाचा तंतू उडतो, तेलात बसतो आणि चांगलं चालतं घड्याळ बंद पाडतो. गिऱ्हाइकाची पावतीसुद्धा ते दाराबाहेर उभे राहून लिहायचे. लहानपणी तिनं एकदा टेबलावर चित्र काढायला घेतलं तर बाबा तिच्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडले होते. एरवी तिला ते 'टिकटिक' म्हणायचे, कारण ही पोरगी एका जागी कधी स्वस्थ बसली नाही.

मग बोटांनी दगा दिला. अंगठ्यांची मुळं सुजली, चिमट्यातून स्क्रू सुटायला लागले, मागोमाग गुडघे. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. डब्या रिकाम्या झाल्या आणि त्यांत गोळ्या आल्या.

गोळीची पट्टी अंगठ्यानं दाबून फोडणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून औषध घरी आलं की ते घड्याळाचं मागचं झाकण उघडायची बोथट सुरी घ्यायचे आणि महिन्याभराच्या सगळ्या गोळ्या एका बैठकीत सोलून काढायचे. सगळ्यांत बारीक ती रक्तदाबाची, पहिल्या डबीत. मधली पोटाची, दुसरीत. लांबट कॅप्सूल सांध्यांची, ती काट्यांच्या डबीत. पट्ट्या, खोकी, डॉक्टरांची चिठ्ठी, दवाखान्याचं कार्ड, सगळं त्याच दिवशी कचऱ्यात. कागद घरात नको. महिना संपला की त्याच दवाखान्यात जायचे, नवीन चिठ्ठी घ्यायचे, दवाखान्याच्याच दुकानातून औषध घ्यायचे आणि चिठ्ठी पुन्हा कचऱ्यात. त्यांचं गणित चोख होतं. एकही गोळी कधी चुकली नाही. फक्त त्या गोळीचं नाव जगात त्या एका दवाखान्याखेरीज कुठेच शिल्लक नव्हतं.

स्टुलावर चढून दिवा बदलताना बाबा पडले तेव्हा तीच त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. हाडांचे डॉक्टर भले होते, घाईत होते.

"आजोबा, दुसरी काही औषधं?"

"एक रक्तदाबाची, एक पोटाची, एक सांध्यांची."

"सांध्यांची कुठली?"

"लांबट. अर्धी हिरवी, अर्धी पांढरी."

डॉक्टर हसले. तीही हसली. डॉक्टरांनी लिहिलं: 'सांधेदुखीची गोळी, चालू ठेवणे.' बरगड्यांना प्लास्टर नसतं, दुखणं दाबायचं आणि हाड जुळायची वाट बघायची, म्हणून ट्रॅमाडॉल दिलं. सकाळ-संध्याकाळ एकेक. तीच ही पट्टी, जी औषधवाल्या बाईंनी हातात धरून ठेवली होती.

बाबा आपल्या डब्यांसकट लेकीच्या घरी राहायला आले. पहिल्या दिवशी गोळी घेतली आणि संध्याकाळी म्हणाले, "टिकटिक, हा खडू कुठून आणलास?"

"खडू काय? चांगली भारी गोळी आहे ती, बाबा."

"भारी असेल. दुखणं त्याहून भारी आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. श्वास घेतला की कळ, कूस बदलली की कळ, आणि पोरगी दुडुदुडु येऊन मांडीवर आपटली की ब्रह्मांड आठवायचं. गोळी खाल्ली काय, न खाल्ली काय. त्यात डोळ्याला डोळा नाही. हात जरासे थरथरत होते. कपाळावर घाम, तोही पंख्याखाली बसून.

नवरा म्हणाला, "वय झालंय गं. म्हातारी माणसं कुरकुरतातच."

"बाबा कुरकुरणाऱ्यातले नाहीत."

"आतापर्यंत बरगडी मोडली नव्हती त्यांची."

तिला हे पटलं नाही, पण उलटून काय बोलायचं तेही सुचेना. तिच्याजवळ पुरावा नव्हता, नुसती धाकधूक होती, आणि धाकधुकीला त्या घरात किंमत उरली नव्हती. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणारीचा लांडगा खराच आला, तर तिनं कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तीन वेळा संगीत ऐकवल्यावर हाडांच्या विभागातली परिचारिका सापडली.

"घाम येतोय, हात थरथरतायत, झोप नाही, आणि दुखणं तसूभर कमी नाही."

"दुखलं की घाम येतोच, ताई. दिवसाला किती देताय?"

"दोन."

"तीन देता येतात. डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय बघा खाली, गरज लागल्यास तिसरी."

"पण ते सांध्यांची एक गोळी पण घेतात, तिच्यामुळे काही...?"

"कुठली?"

तिच्याजवळ होतं ते एवढंच: लांबट, अर्धी हिरवी, अर्धी पांढरी.

"त्याचं तुम्ही सांध्यांच्या डॉक्टरांनाच विचारा," परिचारिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागसुद्धा परवडला असता.

तिनं कागद बघितला. खाली खरंच लिहिलेलं होतं. सकाळची एक झाली होती, अकरा वाजता तिनं दुसरी दिली. स्वतःच्या हातानं, पाण्याचा पेला पुढे करून. "घ्या बाबा, आता बरं वाटेल." हे वाक्य पुढे कितीतरी दिवस तिच्या कानात वाजत राहायचं होतं.

मग सांध्यांच्या दवाखान्याचा फोन. तो उचलणारी मुलगी फार गोड बोलायची, आणि गोड बोलणारी माणसं किती चिवट असतात हे तिला त्या दिवशी कळलं.

"डॉक्टर बाहेरगावी आहेत, मॅडम. सोमवारी भेटतील."

"मला डॉक्टर नकोत. माझ्या वडिलांना जी गोळी दिली आहे तिचं फक्त नाव हवंय."

"कार्ड नंबर सांगा ना."

"कार्ड हरवलंय." कचऱ्यात टाकलंय असं सांगायची तिला लाज वाटली.

"नंबर नसेल तर माहिती देता येत नाही, मॅडम. फोनवर कोणीही विचारू शकतं."

"कोणी कशाला फोन करून माझ्या बाबांच्या गुडघ्यांची चौकशी करेल?"

"नियम आहे. पेशंटच्या सहीचं पत्र आणून द्या, आम्ही दोन दिवसांत लेखी देतो."

"त्यांचा हात थरथरतोय. सही कशी करतील?"

"अंगठा चालेल," ती मुलगी म्हणाली. चेष्टेनं नाही. मदत म्हणून.

ती फोन ठेवून भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. एक म्हणतो त्याला विचार, दुसरा म्हणतो सोमवारी ये. दोघांच्या मध्ये बाबा, आणि बाबांच्या पोटात दोघांच्याही गोळ्या. तिथे त्यांची गाठ पडली होती, कोणाच्या परवानगीची वाट न बघता.

तिनं परगावी राहणाऱ्या दादाला फोन केला. दादा कामात होता.

"अगं, बाबांना सर्दी झाली तरी घर डोक्यावर घ्यायचे, आठवत नाही का तुला?"

"तू घ्यायचास. बाबा नाही."

"बरं, मी घ्यायचो. पण तू पण ना, जरा जास्तच विचार करतेस. पिल्लू झाल्यापासून तर विचारूच नको."

"ठेवते," ती म्हणाली.

दुपारी एकच्या सुमारास नवरा जेवायला घरी आला तेव्हा बाबा अंथरुणात बसले होते आणि चादरीचे धागे चिमटीनं उपटत होते. जणू प्रत्येक धागा म्हणजे एखादी स्प्रिंग आणि ती जागेवर बसवायची आहे. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. पोट दोनदा बिघडलं होतं. पाय मध्येच आपोआप उसळायचे, खालून कोणी टाचणी टोचल्यासारखे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर. भरदुपारच्या उजेडात त्या बारीक व्हायला हव्या होत्या.

"हे घड्याळ पळतंय," बाबा भिंतीकडे बोट करून म्हणाले. "उतरवा कोणीतरी. झाकण मी उघडतो."

भिंतीवरचं घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर चाललं होतं.

"बाबा, आज कुठला वार?"

"वाराचं काय घेऊन बसलीस? ते आधी थांबव."

नवऱ्यानं हातातली पिशवी तशीच टेबलावर ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. "हे कुरकुरणं नाही," तो हळूच म्हणाला. तिनं बाबांच्या हातातून चादर सोडवली. आता बोलून काय उपयोग? 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य गोड तेव्हा लागतं, जेव्हा त्याची किंमत दुसऱ्या कोणाला भरावी लागत नाही.

"तू यांच्याजवळ बस. पोरीला धर. गाडी बोलावून ठेव, मी पाच मिनिटांत येते."

"कुठे चाललीस?"

तिनं काट्यांची डबी उचलली आणि जिना उतरत पळाली.

औषधांच्या दुकानात यावेळी रांग नव्हती. तिनं डबी बाईंपुढे काउंटरवर उघडून ठेवली. धापा टाकत म्हणाली, "तुम्ही परवा विचारलंत. मी खोटं सांगितलं. नावं सांगितलीच नव्हती, मला ठाऊकच नव्हती. ही ती सांध्यांची गोळी."

बाईंनी तिला रागवायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यांनी एक कॅप्सूल तळहातावर घेतली, दिव्याखाली धरली, फिरवली. "रंगावरून सांगायचं नसतं. असल्या हिरव्या-पांढऱ्या खूप येतात." त्यांनी चष्मा काढून दुसरा लावला. "अक्षरं आहेत इथे. बारीक आहेत. तुमचे डोळे तरणे, तुम्ही वाचा."

तिनं वाचलं. दोन अक्षरं, एक आकडा. बाईंनी ते संगणकात घातलं, पडद्यावरचं चित्र आणि तळहातावरची गोळी दोनदा ताडून पाहिली.

"ड्युलोक्सेटिन," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मन खचलेलं असतं तेव्हाही देतात, आणि जुन्या सांधेदुखीतही देतात. गोळी चांगली आहे. पण लोक 'सांध्यांची गोळी' म्हणतात, ऐकणाऱ्याला वाटतं साधं दुखण्यावरचं औषध." त्यांनी मान वर केली. "आज ट्रॅमाडॉल किती गेलं?"

"दोन. दुपारच्या आत."

"आणि काय होतंय?"

तिनं सांगितलं. घाम, थरथर, उसळणारे पाय, मोठ्या बाहुल्या, पळणारं घड्याळ. सांगता सांगता तिला कळलं की यातलं बरंचसं तिच्याजवळ कालपासून होतं. तिनं एकूण एक गोष्ट टिपली होती. कमी होतं ते फक्त एक नाव.

बाई लिहायला लागल्या होत्या. दोन औषधांची नावं, किती मिलिग्रॅम, शेवटची गोळी किती वाजता, खाली ठळक अक्षरांत 'दोन्ही एकत्र गेली आहेत'. "आता दोन्हीपैकी काहीही देऊ नका. घरी बसून बघू या असंही करू नका. थेट तातडीच्या विभागात न्या आणि हा कागद आधी दाखवा, पेशंट नंतर."

तातडीच्या विभागात काचेमागे बसलेल्या कारकुनानं विचारलं, "काय त्रास?"

"औषधांचा. वडिलांना..."

त्यानं पडद्यावर जुनी नोंद काढली. "बरगडीची केस ना ही? हाडांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर. तिथे नंबर लावा."

"बरगडीसाठी आलो नाही आम्ही."

"इथे बरगडीच दिसतेय, ताई."

"तुम्हाला दिसतंय ते तीन दिवसांपूर्वीचं आहे," ती म्हणाली. "माणूस आजचा आहे. तो बघा." आणि तिनं कागद काचेखालच्या फटीतून आत सरकवला. आवाज चढला नव्हता. कारकुनानं वाचलं की नाही कोण जाणे. त्याच्या मागून जाणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र खांद्यावरून वाचलं, थांबल्या, आणि चाकाची खुर्ची आणायला सांगितली.

आत पडद्याआड डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या गुडघ्यावर रबरी हातोडी हलकीच टेकवली, तर पाय असा उडाला की परिचारिकेचा ट्रे थोडक्यात वाचला. मग त्यांनी बाबांचं पाऊल हातात धरून झटकन वर ढकललं. पाऊल थांबेना. कोणी हलवत नसताना ते खाली-वर, खाली-वर ठोके देत राहिलं.

बाबा त्या पावलाकडे टक लावून बघत होते. "लंबक सुटलाय," ते म्हणाले. "चावी कोणी जास्त भरली?"

"मी, बाबा," ती म्हणाली, पण बाबांना ते ऐकू गेलं नसावं.

सलाईन लागलं, स्नायू सैल करणारं इंजेक्शन गेलं, छातीला तारा जोडल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याबाहेर नेऊन उभ्याउभ्याच समजावलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. ही दोन्ही औषधं ते वाढवतात. एकेकटी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही, पण दोन्ही एकत्र आली की कधी कधी ते प्रमाणाबाहेर जातं आणि शरीर असं उधळतं.

"पण दुखणं का कमी होत नव्हतं? ते म्हणायचे खडू आहे."

"बरोबर म्हणायचे. ट्रॅमाडॉल पोटात गेलं की यकृत त्याचं रूप पालटतं, आणि ते पालटलेलं रूप दुखणं मारतं. त्यांची सांध्यांची गोळी यकृताचं नेमकं तेच काम अडवते. म्हणजे गुण कमी आणि त्रास जास्त. माणूस म्हणतो गुण नाही, म्हणून घरचे आणखी एक देतात."

"मी दिली."

"कागदावर लिहिलेलं होतं म्हणून दिलीत."

"आणखी एक गेली असती तर?"

"ताप चढू शकला असता. झटकाही येऊ शकला असता. आला नाही. आज आपण तिथेच थांबू."

दोन दिवस लागले. पहिल्या संध्याकाळी पाय शांत झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वार बरोबर सांगितला आणि रुग्णालयाचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हेही सांगितलं. ते खरंच चार मिनिटं मागे होतं. तेव्हा कुठे तिला रडू आलं, तेही स्वच्छतागृहात जाऊन, नळ सोडून.

तिला वाटलं होतं, आता कोणीतरी म्हणेल, चुकलं. हाडांचे डॉक्टर फेरीला आले, फाइल चाळली. "पेशंटनं औषधाचं नाव सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"आकार सांगितला होता," ती म्हणाली. "रंग पण. आपण दोघं हसलो होतो."

डॉक्टरांनी फाइलचं पान उलटलं. ते पान कोरं होतं, तरी ते बराच वेळ वाचत राहिले. सांध्यांचे डॉक्टर सोमवारी बाहेरगावाहून परतले आणि म्हणाले, नवीन औषध सुरू करताना मला विचारायला हवं होतं. ड्युलोक्सेटिन पुन्हा कधी सुरू करायचं ते मी ठरवीन, यापुढे स्वतःहून सुरू करू नका आणि स्वतःहून एकदम बंदही करू नका. दोघंही आपापल्या जागी अगदी बरोबर होते. त्याच दिवशी दुपारी त्या गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, नंबर सापडला. पत्र तयार आहे, घेऊन जा."

घरी आल्यावर तिनं बाबांपुढे विषय काढला. "यापुढे पट्ट्या ठेवायच्या. निदान कापून नावाचा तुकडा तरी डबीत टाकायचा."

"डबीत कागद नको."

"कागद नाही, बाबा, चांदी असते ती."

"मागे कागदच असतो. तंतू सुटतो."

"बाबा, आता कुठे आहेत घड्याळं त्या डब्यांत?"

बोलून गेली आणि जीभ चावली. पिल्लू त्यांच्या पायाशी बसून चमचा जमिनीवर आपटत होती. तो तिच्या हातून काढून घेत बाबा म्हणाले, "घड्याळं गेली म्हणून हाताची सवय जाते होय? चाळीस वर्षं हेच केलं की मी. चूक माझीच आहे. पण कागद नको."

पालथ्या घड्यावर पाणी. तिला त्यांचा राग आला, त्यांच्या हट्टाचा राग आला, आणि आपण काउंटरवर उभं राहून बोललेल्या त्या एका शब्दाचा सगळ्यांत जास्त. शेवटी तिनं पोरीचं लसीकरणाचं पुस्तक काढलं, कारण घर जळलं तरी जे तिच्या हातातून सुटणार नाही असं तेवढं एकच पुस्तक होतं. शेवटच्या कोऱ्या पानावर तिनं आजोबांची सगळी औषधं नावानिशी लिहिली, आणि खाली लिहिलं: ट्रॅमाडॉल देऊ नये, त्रास झाला आहे. वर पोरीचं वजन आणि उंची, खाली आजोबांचे गुडघे.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. यावेळी 'जास्त विचार करतेस' म्हणाला नाही. "थांब जरा," असं मात्र मध्येच म्हणाला.

"काय झालं?"

"काही नाही. माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना गेल्या आठवड्यात. त्यांना पण दुखण्यावर काहीतरी कडक दिलंय. आणि आधीपासून सांध्यांची एक आहेच त्यांची."

"नाव काय?"

"कोणाचं?"

"दादा. गोळ्यांचं."

"ते काही ठाऊक नाही बुवा. एकट्याच असतात, आपलं आपण घेतात. बघतो ना."

"आत्ता फोन कर. नावं वाचून दाखवायला सांग."

"आत्ता त्या पडल्या असतील जरा. उद्या बघतो. उद्या नक्की."

तिनं आणखी दोनदा सांगितलं. दादानं आणखी दोनदा "नक्की" म्हटलं. दादाच्या सासूबाईंचा नंबर तिच्याजवळ नव्हता, त्यांचा पत्ता तिला माहीत नव्हता, आणि सगळं कळत असून दुसऱ्याच्या 'उद्या'पुढे तिचं काही चालत नव्हतं.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या नात्यात, शेजारात, जिन्याच्या वरच्या मजल्यावर असं एक माणूस असेल, ज्याचे सांधे दुखतात, जे बरीच वर्षं एक गोळी घेतंय, आणि ज्याला नुकतीच कोणीतरी दुखण्यावरची दुसरी, जास्त कडक गोळी दिली आहे. ते म्हणत असेल की गुण येत नाही. घाम येत असेल, हात थरथरत असेल, नाहीतर नुसतंच झोपाळलेलं असेल, उत्तर द्यायला वेळ लावत असेल. त्याला म्हातारपण म्हणू नका. मनानं कुठली गोळी बंद करायलाही सांगू नका. जा, सगळी औषधं टेबलावर मांडायला सांगा, नावं मोठ्यानं वाचा, लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांना नाहीतर औषधवाल्यांना दाखवा. जाणं जमत नसेल तर फोन करा. ते माणूस पडलं असेल जरा, तर उठवा.